‘अमिबा’ची गोळी आणि जुनाट पोटबिघाड

‘‘डॉक्टर, मला जुना अमिबा आहे. त्याची गोळी लिहून द्या,’’ असे सांगत येणारे रुग्ण माझ्याकडे आठवड्याला दोन-चार तरी असतात. दवाखाना सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर. त्यामुळे कराडकडचेही येतात आणि वाळव्याकडचेही. तक्रार मात्र एकच. सकाळी तीन-चार वेळा शौचाला जावे लागते, तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. जेवले की पोट डब्ब होते, गुरगुरते, कळ येते. पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांची चळत असते आणि बहुतेक चिठ्ठ्यांवर मेट्रोनिडाझोल नाही तर टिनिडाझोल. पाच दिवस गोळ्या घेतल्या की आठवडाभर बरे वाटते, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अमिबाचा आजार आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. खऱ्या अमिबाने मुरडा येतो, शौचातून आव आणि रक्त पडते. क्वचित तो यकृतात जाऊन गळू करतो. थंडी वाजून ताप येतो आणि उजव्या बरगडीखाली दुखते. दारू पिणाऱ्या पुरुषांत हे जास्त दिसते. अशा वेळी मेट्रोनिडाझोलसारखे औषध नाही. पण वर्षानुवर्षे वजन कायम राखून, रात्री शांत झोप लागून, फक्त सकाळी छळणारा पोटबिघाड अमिबाचा असण्याचा संभव फार थोडा.

‘‘पण रिपोर्टात सिस्ट आल्यात ना!’’ असे रुग्ण म्हणतो. त्याची गंमत अशी की, रोग करणारा ‘एंटअमिबा हिस्टोलिटिका’ आणि निरुपद्रवी ‘एंटअमिबा डिस्पार’ या दोघांच्या सिस्ट साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. हे दोन वेगळे जीव आहेत हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ साली स्पष्ट केले. तेव्हा केवळ सिस्ट दिसल्या म्हणून गोळ्यांचा मारा करणे योग्य नव्हे.

कारण या गोळ्या फुकट पचत नाहीत. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू सुखाने नांदत असतात. न पचलेला चोथा आंबवणे, काही जीवनसत्त्वे तयार करणे, बाहेरच्या जंतूंना थारा न देणे ही कामे ते करतात. औषध दुकानातून परस्पर आणलेली प्रतिजैविके चोराबरोबर या संन्याशालाही फाशी देतात. मग गॅस, पातळ शौच सुरू होते आणि रुग्ण त्यालाच ‘अमिबा उलटला’ म्हणतो!

मग कारण काय असते? सर्वांत जास्त आढळतो तो आतड्याचा चिडखोरपणा, म्हणजे ‘आयबीएस’. यात आतड्याला जखम नसते, सूज नसते. पण आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. थोडा वायू धरला तरी त्यांना कळ वाटते. परीक्षा, कोर्टाची तारीख, मुलीचे लग्न, असे काही आले की त्रास वाढतो. शौचाला जाऊन आले की कळ कमी होते. रुग्ण नाटक करतो असे घरच्यांनी समजू नये. दुखणे खरेच असते.

कृष्णाकाठच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत विहिरी आणि नळयोजनांत पुराचे पाणी शिरले. असे दूषित पाणी पोटात गेले की जुलाब-उलट्यांची साथ येते. ती आठवड्यात ओसरते, पण अशा जंतुसंसर्गानंतर साधारण दहांतील एकाला पुढे काही महिने, कधी वर्षेही, आयबीएसचा त्रास राहतो. जंतू गेलेला असतो, हळवेपणा मागे राहतो. ‘‘पुरापासनं माझं पोट बिघडलं,’’ हे रुग्णाचे म्हणणे अशा वेळी शास्त्राला धरूनच असते. पण त्यावर जंतू मारण्याची गोळी चालत नाही.

दुसरे कारण दूध. भिलवडीच्या डेअरीमुळे आणि गावोगावच्या दूध संस्थांमुळे आपला भाग दुधाचा. परंतु दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य वयाबरोबर अनेकांत कमी होत जाते. चहातले दूध सोसते, पण पेलाभर दूध घेतले की दोन-तीन तासांत पोट फुगते. साताऱ्याचे कंदी पेढे चार-पाच खाल्ले तरी तेच, कारण खव्यात ती साखर आटून आलेली असते. दोन आठवडे दूध व खवा बंद करून पाहावे. फरक पडला तर निदान झाले, खर्च शून्य. ताक आणि दही यांना सहसा सोसते, कारण विरजणाच्या जंतूंनी ती साखर काहीशी खाऊन टाकलेली असते. कॅप्सूलमधल्या महागड्या ‘चांगल्या जंतूं’पेक्षा घरचे ताजे ताक आधी घेऊन पाहावे, असे माझे मत आहे.

चहाही मोजावा. दिवसाला आठ-दहा कप घेणारे ‘मी काहीच खात नाही हो’ असे सांगतात. वर्षाची कांदा-लसूण चटणी हा आपला अभिमान. परंतु कांदा आणि लसूण हळव्या आतड्यात वायू धरतात आणि तिखट आगीत तेल ओतते. हरभरा, मटकी यांचेही तसेच. सगळे एकदम सोडून उपाशी राहू नये. एकेक पदार्थ दोन आठवडे वगळावा, फरक वहीत लिहावा.

आणि मिश्री! ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे कितीतरी आयाबहिणी सांगतात. तंबाखूतील निकोटीन आतड्याला ढकलते, म्हणून तसे वाटते खरे. पण ती सवय आतड्याची नव्हे, तंबाखूची, आणि तिची किंमत तोंडाच्या कॅन्सरने मोजावी लागू शकते. थोडी थोडी कमी करून सोडावी. सकाळी कोमट पाणी प्यावे आणि शौचाची वेळ ठरवावी.

घेत असलेली इतर औषधेही डॉक्टरांना दाखवावीत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पुष्कळांना जुलाब होतात. मात्रा किंवा गोळीचा प्रकार बदलला की थांबतात. गोळी मनानेच बंद करू नये. थायरॉईड वाढल्यानेही वारंवार शौचाला होते.

उपायांत इसबगोल मला सर्वांत आवडतो. एक-दोन चमचे, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. पाणी कमी पडले तर उलट त्रास होतो. तो पातळ शौच बांधतो आणि घट्ट शौच सैल करतो. कळ जास्त असल्यास डॉक्टर आतडे सैल करणारी गोळी देतात. रोज अर्धा-पाऊण तास चालणे व वेळेवर जेवण यांना पर्याय नाही.

मात्र काही लक्षणे असतील तर घरगुती प्रयोग एक दिवसही करू नयेत. वजन घटणे, शौचातून रक्त, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, संध्याकाळी ताप, पोटात हाताला लागणारी गाठ, किंवा पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने पडलेला फरक. यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर असू शकतो किंवा आतड्याचा क्षय. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी रुग्णालय काढले तेव्हापासून मिरजेला रुग्ण नेण्याची आपली रीत आहे. मिरजेत व साताऱ्यातही आता दुर्बिणीने आतडे तपासता येते. लोक या तपासणीला उगाच भितात. खोकला नसतानाही क्षय होतो, हे पुष्कळांना पटत नाही. आतड्याच्या क्षयाला बहुधा सहा महिने औषध लागते, ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि त्याने रोग बरा होतो.