नाव होंडाचं, गिअरबॉक्स कुणाचा?

रीबिल्ट ट्रान्समिशन बसवायचे साडेचार हजार डॉलर, आणि व्हॅन विकली असती तर धड तीन हजारही आले नसते. जुन्या व्हॅनचा निकाल तिथेच लागला. पण आई-बाबा पुण्याहून सहा-सहा महिने राहायला येतात, रविवारी आमच्या मुलांबरोबर शेजारच्यांची मुलंही मराठी शाळेत पोचवायची असतात. न्यू जर्सीतल्या अशा घराला मिनीव्हॅनशिवाय गत्यंतर नाही. बाबांनी फोनवर तोडगा काढला, "अरे, इनोव्हा घे की!" ती अमेरिकेत विकायलाच नाही. म्हणून बदली व्हॅन, तीही वापरलेली, शोधायला निघालो. या वेळी रंग, स्क्रीन, सरकती दारं हे सगळं बाजूला ठेवून फक्त ट्रान्समिशन बघायचं ठरवलं होतं. त्यातून हाती लागलं ते असं.

१. कंपनीचं नाव विसरा, साल आणि ट्रिम विचारा.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत सल्ला फुकट मिळतो. "डोळे झाकून होंडा घे." आता याच होंडाच्या ओडिसीचा इतिहास बघा. १९९९ नंतरच्या काही वर्षांतली ट्रान्समिशन्स इतकी बिघडली की कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. २००४ मध्ये होंडाने सुमारे ११ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला, त्यात ओडिसीही होती. दुसरा गिअर तापून तुटण्याची आणि चालत्या गाडीचं ट्रान्समिशन जाम होण्याची भीती होती. ही झाली जुनी गोष्ट. पण २०१८ आणि २०१९ च्या ओडिसी शेजारी शेजारी उभ्या करा. स्वस्त ट्रिममध्ये जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा नऊ गिअरचा बॉक्स, महागड्या टूरिंग आणि एलिटमध्ये होंडाचा स्वतःचा दहा गिअरचा. बाहेरून गाडी एकच. २०२० पासून सगळ्यांना दहा गिअर आले. त्यामुळे "ओडिसीचं ट्रान्समिशन कसं आहे?" या प्रश्नाला उत्तरच नाही.

टोयोटा सिएनाचंही तेच. २०११ ते २०१६ सहा गिअर, २०१७ ते २०२० आठ, आणि २०२१ पासून सगळ्याच गाड्या हायब्रिड, म्हणजे यंत्रणाच निराळी. मी वहीत प्रत्येक गाडीपुढे किमतीच्या आधी बॉक्सचा प्रकार लिहू लागलो आणि निम्मी यादी आपोआप गळाली.

२. तेल कोणतं, हे किरकोळ नाही.

अमेरिकेत मिनीव्हॅन रुजवली क्रायस्लरने. त्याच क्रायस्लरने १९८९ मध्ये अल्ट्राड्राइव्ह नावाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं चार गिअरचं ट्रान्समिशन आणलं. ते बदनाम झालं, त्यामागे तेलाचाही हात होता. त्याला क्रायस्लरचं स्वतःचं खास तेल लागायचं, पण पर्याय म्हणून डेक्स्रॉन नावाचं तेल चालेल असं कंपनीच्याच सूचनांत होतं. ते घातलं की क्लच धड पकडत नसत. आजही होंडाच्या जुन्या बॉक्सना डीडब्ल्यू-१, टोयोटाला डब्ल्यूएस, क्रायस्लरच्या जुन्या बॉक्सना एटीएफ+४ असं ज्याचं त्याला लागतं. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा कोणी ओतला असेल, तर मी ती गाडी सोडून देतो.

आणि ते "लाइफटाइम फ्लुइड"! कुणाचं लाइफ, हे कोणी सांगत नाही. स्वतः झेडएफ आपल्या ट्रान्समिशनचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान बदला म्हणते. लाखभर मैल चाललेल्या व्हॅनच्या सर्व्हिसच्या कागदांत तेल बदलल्याची एकही नोंद नसेल, तर किंमत पाडून मागायला ते कारण पुरेसं आहे.

३. दोन सीव्हीटी, दोन जाती.

सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेलं ट्रान्समिशन. हायब्रिड सिएनाच्या ट्रान्समिशनला ई-सीव्हीटी म्हणतात, हे ऐकून एका मित्राने हात जोडले. त्याच्या डोळ्यांपुढे २०११ नंतरची निसान क्वेस्ट होती. तिच्यात दोन कप्प्यांवर फिरणारा धातूचा पट्टा असतो, आणि जड गाडीत तो घसरण्याची धास्ती रास्त आहे. सिएनात पट्टाच नाही. एक प्लॅनेटरी गिअरसंच, दोन विजेच्या मोटर्स आणि इंजिन, यांच्यात वेग वाटून घेतला जातो. टॉर्क कन्व्हर्टर नाही, गिअर बदलणारे क्लच नाहीत. झिजायला वाव कमी. १९९७ च्या पहिल्या प्रियसपासून टोयोटा हेच तत्त्व वापरतेय. बाबांची इनोव्हा हायक्रॉस, तिची हायब्रिड आवृत्ती, याच घराण्यातली. हे कळल्यावर बाबा एकदम सिएनाच्या पक्षात गेले.

४. गाडी थंड असताना बघा.

विक्रेता आधीच गाडी फिरवून गरम करून ठेवतो. आधी न सांगता जा, बॉनेटला हात लावा. थंड इंजिनावर रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाका. गाडीने विचार करत बसता कामा नये. मग ताशी ४० मैलांच्या आसपास हलक्या पायाने चालवा. हायवेच्या कडेच्या खाचांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरवर संशय घ्यायचा. रस्ता खराब आहे असं विक्रेता म्हणेल. दुसऱ्या रस्त्यावर न्या.

५. स्कॅनर.

चेक इंजिनचा दिवा विझलेला असणं म्हणजे गाडी निरोगी असणं नव्हे. आदल्या दिवशी बिघाडाचे कोड पुसले असतील तर स्कॅनरवर काही तपासण्या "अपूर्ण" दिसतात. स्वतंत्र मेकॅनिक शंभर-दीडशे डॉलरमध्ये हे बघून देतो. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

६. मग घ्यायचं काय?

पैसे असतील तर २०२१ नंतरची सिएना, माझ्या मते वाद नाही. तिची मधली सीट मात्र सहज निघत नाही, तेव्हा विमानतळावरून आई-बाबांच्या चार मोठ्या बॅगा आणायच्या तर आधी मापं घ्या. बजेट कमी असेल तर २०१५-१६ ची सहा गिअरची सिएना, तेलाच्या नोंदी असलेली. चालवायची मजा हवी असेल तर २०२० नंतरची ओडिसी. नऊ गिअरवाल्या मी तरी टाळल्या.

कोणतीही घ्या, चेक लिहिण्याआधी गाडीचा व्हिन नंबर एनएचटीएसए या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाका. कोणता रिकॉल दुरुस्त व्हायचा राहिलाय ते तिथे फुकट कळतं, आणि ती दुरुस्ती डीलरला पैसे न घेता करावी लागते.