पितळ घासू नकोस

बाळ, इंग्लंडात राहून दुसऱ्या महायुद्धानंतरची प्रायोगिक रायफल-काडतुसं जमवायची म्हणतोस, तर आधी हे ऐक: पुंगळी कधी चमकवायची नाही. पितळेच्या पॉलिशमध्ये बऱ्याचदा अमोनिया असतो, आणि ताणाखालच्या पितळेचा तो वैरी. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांतून ठेवलेल्या काडतुसांना आपोआप भेगा पडायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण. १९२१ साली ब्रिटिश धातुतज्ज्ञांनी ते उलगडलं. जिथे पुंगळीचं तोंड गोळीला आवळून धरतं तिथे भिंग लावून आधी बघ. शिवाय घासल्यानं कॅपभोवतीचा लाखेचा रंग जातो, बुडावरची अक्षरं पुसट होतात. प्रायोगिक काडतुसाची ओळख पुष्कळदा तेवढीच उरलेली असते.

ओकच्या जुन्या कपाटाचा मोह धरू नकोस. त्या लाकडातून ॲसेटिक ॲसिडची वाफ निघत राहते आणि उघडं शिसं पांढरं पडून झडतं. पत्र्याचे ड्रॉवर, सिलिका जेल, सुती हातमोजे, एवढं पुरे.

सुरुवात .२८० ब्रिटिशपासून कर. हे ७×४३ मिमीचं काडतूस ईएम-२ रायफलीसाठी घडवलं होतं. १९५१ मध्ये ॲटली सरकारनं ती रायफल स्वीकारली, त्याच वर्षी चर्चिल सत्तेवर परत आले आणि निर्णय फिरला. नाटोनं पुढे अमेरिकेचं ७.६२×५१ घेतलं. इतकं चांगलं काडतूस राजकारणात गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. पण तुझ्या कामाची गोष्ट बुडाच्या कडेची. अमेरिकनांना पटावं म्हणून ती मध्येच वाढवून जवळपास १२ मिमी केली, त्या काडतुसाला .२८०/३० म्हणतात. नुसत्या नजरेला दोन्ही सारखीच, म्हणून खिशात व्हर्नियर ठेव.

त्या रुंद कडेमुळेच नकलाही होतात. ७.६२ नाटोची पुंगळी कापून मान दाबली की अनोळखी माणूस फसतो. बुडावर १९६२ सारखं नंतरचं साल दिसलं, तर विकणारा काहीही सांगो, पैसे काढू नकोस. मूळ पुठ्ठ्याचा डबा, चिठ्ठी, आधीच्या मालकाची नोंद मिळाली तर मात्र दोन पैसे जास्त दे. डब्यापासून वेगळं केलेलं काडतूस अर्धं मुकं होतं.

जर्मन जी-११ रायफलीचं ४.७३ मिमी काडतूस समोर आलं तर थांब. त्याला पुंगळीच नाही. गोळी दारूच्या ठोकळ्यातच बसवलेली. निष्क्रिय नमुनाच घे. आणि कुठलंही काडतूस आत काय आहे ते बघायला कापायचं नाही, गोळी ओढायची नाही. प्रायोगिक मालात पेटती किंवा धूर सोडणारी गोळीही असू शकते.

जिवंत काडतुसाला तिकडे १९६८ च्या कायद्यानं प्रमाणपत्र लागतं, इकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवाना. दिवाळीला येताना रिकामी पुंगळीसुद्धा बॅगेत टाकू नकोस. मला दाखवायचं असेल तर बुडाचा आणि बाजूचा फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून.