रस्त्यावर हल्ला झाला तर श्रद्धावंताचे कर्तव्य काय?

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-माइदामधील 32 व्या आयतीत एका निरपराध जिवाची हत्या ही साऱ्या मानवजातीच्या हत्येसमान आणि एका जिवाचे रक्षण हे साऱ्या मानवजातीच्या रक्षणासमान मानले गेले आहे. या आयतीचा पूर्वार्ध आपल्या व्याख्यानांतून नेहमी ऐकू येतो. कोठे हल्ला झाला की निरपराधांची हत्या इस्लामला मान्य नाही, हे सांगण्यासाठी आपण तिचा आधार घेतो आणि ते योग्यच आहे. उत्तरार्धाचा विचार मात्र कमी होतो. जीव वाचविणे हे केवळ भावनेने होणारे काम नाही. त्यासाठी ज्ञान, शिस्त आणि पूर्वतयारी लागते.

मदिनेतील एक रात्र

हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस सहीह बुखारीत आहे. एका रात्री मोठा आवाज झाला आणि मदिनेचे लोक भयभीत झाले. काही जण आवाजाच्या दिशेने निघाले, तोच प्रेषित मुहम्मद (स.) तिकडून परत येताना त्यांना भेटले. हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या खोगीर नसलेल्या घोड्यावर बसून, गळ्यात तलवार अडकवून प्रेषित (स.) सर्वांच्या आधी तेथे जाऊन आले होते. घाबरू नका, असे त्यांनी लोकांना सांगितले.

या प्रसंगातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी जबाबदार व्यक्तीने वस्तुस्थिती जाणून घेतली, त्यानंतर लोकांना धीर दिला. पाहिल्याशिवाय दिलेला धीर पोकळ ठरतो आणि पाहिल्याशिवाय पसरविलेली भीती घातक ठरते.

भिक्कू चौकाचा धडा

29 सप्टेंबर 2008 रोजी, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, मालेगावच्या भिक्कू चौकात रात्री साडेनऊच्या सुमारास बॉम्बचा स्फोट झाला. सहा जण मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले. सुमारे सतरा वर्षांनी, 31 जुलै 2025 रोजी, विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. निकालात न्यायालयाने तपासातील ज्या उणिवा दाखविल्या, त्यांत घटनास्थळाच्या पंचनाम्यातील त्रुटी आणि तेथील नमुने दूषित झाल्याची बाबही होती.

घटनास्थळ सुरक्षित ठेवणे हे प्रथमतः पोलिसांचे काम आहे. तरीही सामान्य माणसाने यातून शिकावे असे बरेच काही आहे. स्फोटानंतर चौकात लोटणारी गर्दी रुग्णवाहिकेची वाट अडविते, दुसरा स्फोट झाल्यास स्वतःच बळी पडते आणि पुरावा पायांखाली तुडविते. अन्निसा आणि अल्-माइदा या सूरहमध्ये श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहण्याचा व साक्ष देण्याचा आदेश आहे. विखुरलेला तुकडा, जळालेले वाहन, बेवारस पिशवी याही साक्षीच आहेत. त्यांना हात न लावणे, जखमींना हलविल्यावर जागा मोकळी करणे आणि जे स्वतः पाहिले तेवढेच तपास अधिकाऱ्यांना सांगणे, हे त्या साक्षीचे रक्षण होय.

रस्त्यावरील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकविले. त्या प्रसंगी आपली गर्दीच त्रासदायक ठरत असेल, तर मागे हटणे हेही पुण्यकर्म आहे.

जखमीचा हक्क

खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा त्यांच्यासाठी मस्जिदे नबवीच्या आवारात तंबू उभारण्यात आला. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूचा उल्लेख इतिहासात आहे. मस्जिद आणि रुग्णसेवा यांचे नाते इतके जुने आहे.

वाहते रक्त थांबविणे ही पहिली गरज असते. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घट्ट दाबून धरावी व मदत येईपर्यंत दाब सोडू नये. शरीरात रुतलेली वस्तू उपसू नये. गंभीर जखमीला पाणी पाजू नये. मान वा पाठ दुखावली असेल आणि जागेवर धोका नसेल, तर त्याला हलवू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 या क्रमांकावर ठिकाण स्पष्ट सांगावे. पोलीस प्रकरण आहे म्हणून कोणी उपचार नाकारू लागल्यास लक्षात ठेवावे की, 1989 च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व खाजगी अशा सर्व डॉक्टरांवर तातडीच्या उपचारांचे बंधन घातले आहे.

जखमीचा धर्म विचारण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. वर सांगितलेल्या आयतीत जिवाचा उल्लेख आहे, त्याच्या जमातीचा नाही.

बातमी ही अमानत

सूरह अल्-हुजुरातच्या 6 व्या आयतीत अविश्वसनीय माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा होईल आणि पश्चात्ताप करावा लागेल. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मोबाइलवर आलेला आवाज, मृतांचा फुगविलेला आकडा, संशयिताचे नाव, छिन्नविच्छिन्न देहाचे छायाचित्र हे सारे पुढे पाठविणे या आदेशाच्या विरुद्ध आहे.

योग्य वेळी दिलेली खरी सूचना मात्र जीव वाचविते. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असताना रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर पडण्यास सांगितले. त्या आवाजाने अनेकांना वाट दाखविली.

आपल्या गावाची तयारी

जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावाला हा विषय महानगरांचा वाटेल. पण 21 नोव्हेंबर 2003 रोजी, रमजानच्या शुक्रवारी, परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला होता. शिवाय बाजारातील आग किंवा महामार्गावरील अपघात यांतही हीच तयारी कामी येते. मोठे रुग्णालय जितके दूर, तितकी जवळच्या माणसाची जबाबदारी अधिक.

काही लोकांनी पार पाडल्यास सर्वांची सुटका होते आणि कोणीच न केल्यास सर्वजण दोषी ठरतात, अशा कर्तव्यास फर्जे किफाया म्हणतात. प्रथमोपचार जाणणारी माणसे गावात असणे हे असेच कर्तव्य समजावे. प्रत्येक मस्जिदीच्या व्यवस्थापनाने काही तरुणांना आणि भगिनींना ग्रामीण रुग्णालयातून किंवा जाणकार डॉक्टरांकडून हे शिक्षण मिळवून द्यावे. प्रथमोपचाराची पेटी, रक्तगटांची यादी आणि रात्री उपलब्ध होणाऱ्या वाहनांचे क्रमांक मस्जिदीत असावेत. ध्वनिक्षेपकावरून कोण बोलणार हे आधीच ठरवावे, आणि त्याने पोलिसांकडून खात्री केल्याशिवाय बोलू नये. या कामात गावातील हिंदू व बौद्ध बांधवांनाही बरोबर घ्यावे. यादवकालीन मंदिरे पाहण्यास आलेला परगावचा पाहुणाही या गावाच्या संरक्षणात आहे.

सर्वोच्च अल्लाह आपल्या गावांना व शहरांना शांतता देवो, आणि संकटाच्या क्षणी आपले हात वाचविणाऱ्यांचे व आपली जीभ खरे बोलणाऱ्यांची ठेवो. आमीन.