निवृत्तीनंतर कंत्राटावर : सही करण्याआधी जुनी देणी घ्या

प्रश्न : मी लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर राहतो. जवळच्याच एका कंपनीत १९९६ पासून स्टोअर्स सांभाळतो. पुढच्या महिन्यात ५८ पूर्ण होऊन निवृत्त होईन. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहेत. पीएफमध्ये १४ लाख जमले आहेत, पेन्शन साडेचार हजार बसेल. घरखर्च २३,००० आहे. कंपनी दोन वर्षं कंत्राटावर ठेवायला तयार आहे. मूळ पगार १८,२०० आणि हातात साडेतेवीस हजार. ग्रॅच्युइटी मात्र 'शेवटी एकदम देऊ' म्हणतात. काम केलं तर पेन्शन बंद होते का? मुलाला बदलापूरच्या घरासाठी पीएफमधून पाच लाख देऊ का?
– एक वाचक, लोअर परळ

उत्तर : काम जरूर स्वीकारा, पण आधीच्या सेवेचं देणं हातात घेतल्यावरच. देणी हातात नसण्याची किंमत तुमच्या भागाने मोजली आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि उतारवयात कामगारांना वॉचमनकी करावी लागली, भाजीची गाडी लावावी लागली. कर्मचारी पेन्शन योजना आली १६ नोव्हेंबर १९९५ला. तोवर अनेकांची नोकरी गेली होती. तुमच्याकडे पेन्शन आहे आणि अटी लिहून घेण्याची संधीही.

ग्रॅच्युइटी : सूत्र आहे शेवटचा पगार × १५/२६ × सेवेची वर्षं. आज ती ४,५०,००० होते. दोन वर्षांनी १८,२०० वर मोजली, तर ३२ वर्षांची सेवा धरूनही ३,३६,०००. म्हणजे १,१४,००० रुपयांचं नुकसान. निवृत्तीनंतर ३० दिवसांत ती देणं कंपनीवर बंधनकारक आहे. जुनी सेवा कोणत्या तारखेला संपली, हे नव्या पत्रात नमूद करून घ्या.

पेन्शन : ५८ नंतर नोकरी केली तरी ती बंद होत नाही. फॉर्म १०-डी लगेच भरा. अंशदान न भरता ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, म्हणजे महिना सुमारे ३६० रुपये. त्यासाठी दोन वर्षांचे १,०८,००० सोडावे लागतील. ते भरून यायला २५ वर्षं लागतील.

पीएफ : सगळी रक्कम काढू नका. काढलीत, तर नव्या नोकरीत पीएफ कापणं कंपनीवर बंधनकारक राहत नाही. खातं चालू ठेवलंत तर कंपनीचा संपूर्ण हिस्सा पीएफमध्येच जमा होईल, कारण ५८ नंतर त्यातून पेन्शनसाठी कपात होत नाही. २०२४-२५चा व्याजदर ८.२५ टक्के होता.

ग्रॅच्युइटी टपाल कार्यालयातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत, कंपनीचा दाखला जोडून, खातं उघडता येतं. एप्रिल २०२३ला दर ८.२ टक्के झाला. खातं उघडताना असेल तो दर पाच वर्षं कायम राहतो.

आता हिशेब पाहा. आजच थांबलात, तर साडेअठरा लाखांचं व्याज आणि पेन्शन मिळून महिना १७,००० येतील. सहा हजार कमी. दोन वर्षं पगारावर घर चालवून पेन्शन, व्याज आणि नव्या नोकरीतला पीएफ साठवलात, तर पुंजी २३ लाखांपुढे जाईल आणि याच दरांनी महिना साडेवीस हजार मिळतील. तूट अडीच हजारांवर येईल. मुलाला पाच लाख दिलेत, तर महिना ३,४०० रुपये कमी होतील आणि दोन वर्षांची मेहनत जवळपास वाया जाईल. म्हणून या पुंजीला हात लावू नका. मुलासमोर आणि पत्नीसमोर हे आकडे मांडा. पत्नीचं नामांकन पीएफ आणि बचत या दोन्ही खात्यांवर तपासा. कंत्राटात आरोग्य विमा मागा. आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता मिळतं ते सत्तरीनंतर. उरलेल्या अडीच हजारांसाठी साठीनंतर अर्धवेळ काम करायचं की खर्च आटोपशीर करायचा, हे तुम्ही आणि पत्नीने मिळून आत्ताच ठरवा.