जुन्या पडद्याची नक्कल

सात रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात सोलापुरी चादर टांगलेली दिसली, तर ती आधी लांबून पाहा. नक्षी एकसंध दिसेल. जवळ गेलात की वेगवेगळ्या रंगांचे सुटे धागे दिसू लागतील. जुन्या दूरचित्रवाणी संचावरचे चित्रही असेच जणू विणलेले असे.

त्या संचात कॅथोड किरण नलिका असे. नलिकेच्या मागच्या टोकाकडून निघालेली इलेक्ट्रॉनची शलाका पुढच्या काचेला आतून लावलेल्या फॉस्फरवर आदळे, आणि तो उजळे. शलाका एकाखाली एक ओळी रेखीत जाई. रंगीत संचात तांबड्या, हिरव्या व निळ्या फॉस्फरसाठी तीन शलाका असत.

1985 सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाचे चित्र 256 बिंदू रुंद व 240 ओळी उंच होते. जपानमधील संचावर मात्र सुमारे 480 ओळींची जागा असे. त्यामुळे खेळाच्या दर दोन ओळींमध्ये एक अंधारी फट राही. 1991 सालच्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधील धबधबा तर एकाआड एक उभ्या रेघांनी काढलेला आहे. साध्या तारेतून येणाऱ्या संकेतात इतका बारीक भेद टिकत नसे. रेघा एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक भासे!

आज एम्युलेटर वापरून हे खेळ संगणकावर चालतात. पण सपाट पडद्यावर प्रत्येक बिंदू काटेकोर चौकोनी दिसतो. धबधब्याचे गज होतात. खेळ तोच असला, तरी चित्रकाराने योजलेले चित्र हरवते.

ते परत आणण्याचे काम शेडर करतो. शेडर म्हणजे पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणारी छोटी आज्ञावली. समजा, पडदा 2160 ओळींचा आहे. 2160 ÷ 240 = 9. म्हणजे जुन्या एका ओळीच्या वाट्याला नऊ ओळी येतात. शेडर मधल्या ओळी उजळ ठेवतो व कडेच्या क्रमाक्रमाने मंद करतो. झाली फट तयार! मग तो शेजारच्या बिंदूंचे रंग थोडे मिसळतो आणि त्यावर तांबड्या, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जाळी चढवतो. कडा मंद केल्याने एकूण प्रकाश घटतो. म्हणून मधल्या ओळींची प्रखरता वाढवावी लागते.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. पडदा 1080 ओळींचा असेल, तर भागाकार किती येईल? मग सर्व फटी सारख्या दिसतील का? आलेख कागदावर ओळी आखून पाहा, म्हणजे उत्तर आपोआप सापडेल.