'डिझ्मल' : एका खिन्न शब्दाची कुळकथा

इंग्रजी उताऱ्यात 'डिझ्मल' हे विशेषण आले की बहुतेक विद्यार्थी त्याची फोड 'डिस्' अधिक 'मल' अशी करून 'डिसलाइक', 'डिसऑनेस्ट' यांच्या पंक्तीस त्याला बसवितात. वस्तुतः येथील 'डिस्' नकारदर्शक नव्हे. त्याचा अर्थ दिवस!

लॅटिन भाषेत 'दिएस माली' म्हणजे वाईट दिवस. जुन्या फ्रेंचमधून ते 'दिस माल' या रूपाने इंग्लंडात आले. मध्ययुगीन युरोपातील पंचांगांत दरमहा दोन, म्हणजे वर्षाचे २४ दिवस अशुभ मानीत. जानेवारीच्या १ व २५ या तारखा त्यांपैकीच होत. त्यांस 'इजिप्शियन दिवस' असेही नाव होते, आणि त्या दिवशी रोग्याचे रक्त काढण्याचे वैद्य टाळीत. अर्थात घातवाराची समजूत ही केवळ आपलीच मिरास नव्हे. चौदाव्या शतकात कवी चौसरने हा शब्द नाम म्हणूनच योजिला आहे. पुढे मूळ अर्थ विस्मृतीत गेला आणि लोक 'डिझ्मल डेज' म्हणू लागले. हा तर शुद्ध 'पिवळा पीतांबर'! कालांतराने अशुभाची कल्पना गळाली व काळोखी तेवढी उरली.

माझ्या कोंकणी मातृभाषेत दिवसाला 'दीस' म्हणतात, पोर्तुगीजांत 'दिया'. लॅटिन 'दिएस' आणि संस्कृत 'दिवस' यांचे मूळ एकच असल्याने हे सारे दूरचे भाऊबंदच ठरतात.

याहून नवलाची गोष्ट आपल्या 'दुर्दिन' शब्दाची. मराठीत त्याचा अर्थ विपत्काळ. परंतु अमरकोशात तो ढगांनी झाकोळलेल्या दिवसाचे नाव म्हणून येतो. आषाढात दमणगंगा गढूळ होऊन वाहते आणि सामरवरणीत सूर्यदर्शन दुर्मिळ होते, तो दिवस संस्कृतात 'दुर्दिन' आणि इंग्रजीतही 'डिझ्मल'. भाताची लावणी करणाऱ्याला मात्र तोच सुदिन!

उपयोग करताना एवढे ध्यानात ठेवावे की हे विशेषण हवा, जागा, आवाज, चेहरा किंवा भविष्य यांना शोभते. 'मी उदास आहे' याचे भाषांतर 'आय अॅम डिझ्मल' असे करू नये. तेथे साधा 'सॅड' पुरे. अपयशापुढे हा शब्द आला म्हणजे ते अपयश लाजिरवाणे ठरते. यास्तव निकालाविषयी लिहिताना तो जपून वापरावा.

अर्थशास्त्राला 'डिझ्मल सायन्स' म्हणतात, हे पुष्कळांस ठाऊक असते. लोकसंख्येविषयी माल्थसने केलेल्या निराश भाकितांमुळे हे नाव पडले, असे सर्रास सांगण्यात येते. परंतु कार्लाइलने ते १८४९ साली वेस्ट इंडीजमधील मुक्त गुलामांवरील निबंधात वापरले. त्या लोकांना पुन्हा सक्तीने कामास जुंपावे, असे त्याचे म्हणणे होते. अर्थशास्त्र माणसांना त्यांच्या मर्जीवर सोडू पाहत होते, म्हणून ते त्याला 'डिझ्मल' वाटले.