आधाराला साथ

लातूरच्या डाळ गिरण्या नावाजलेल्या आहेत. आपल्या शेतातली तूर मोंढ्यावर जाते. तिथून ती गिरणीत जाते. गिरणीत तुरीला तेलाचा हात लावतात, उन्हात वाळवतात, मग भरडतात. टरफलाची चुणी जनावरांना जाते. डाळ आपल्या ताटात येते.

आम्ही पाहिलेल्या दोन गिरण्यांची गोष्ट ऐका.

गिरण्या शेजारी शेजारी होत्या. दुपारची सुट्टी झाली. दोन्हीकडचे मजूर एकाच लिंबाखाली भाकरी खायला बसले. तोच आभाळ भरून आले. तूर अंगणात पसरलेली! पहिल्या गिरणीचे मजूर हातातली भाकरी टाकून धावले. कोणी रास केली, कोणी ताडपत्री ओढली. दुसऱ्या गिरणीचे मजूर जेवत राहिले. त्यांची तूर भिजली.

आम्ही एका बाईंना विचारले, "बाई, तुम्ही का उठला नाहीत?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, मागं माझं लेकरू तापानं फणफणलं होतं. मला तासभर उशीर झाला. मुकादमानं अर्ध्या दिवसाचा खाडा धरला. मग सुट्टीत आम्ही कशाला उठावं?"

पहिल्या गिरणीत काय निराळे होते? प्यायला गार पाणी होते. धूळ उडे, म्हणून नाकाला बांधायला फडके मिळे. मजुरी ठरल्या दिवशी हातात पडे. घरी दुखणे असले तर मुकादम म्हणे, "जा, उद्या भरून काढ." तिथे जुना मजूर नव्याला आपणहून काम शिकवी.

मुंबईची गोष्टही अशीच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटायला सुरुवात केली. तीच आजची लिज्जत पापड संस्था. तिथे काम करणारी प्रत्येक बाई मालकीण असते. तिला 'बहीण' म्हणतात. नफा-तोटा सगळ्यांचा. आज तिथे हजारो बहिणी काम करतात. काम आपले वाटले, की माणूस ते जीव लावून करतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोड बोलून मजुरी बुडवणे म्हणजे आधार नव्हे. हक्काचा पैसा आधी, मायेचा शब्द त्याच्या जोडीला.

तुम्हीही सुगीला मजूर लावता. कधी स्वतः मजुरीला जाता. तेव्हा ही गोष्ट आठवा.

प्रश्न :
१. दुसऱ्या गिरणीची तूर का भिजली?
२. तुम्ही मुकादम असता, तर त्या बाईंना काय म्हणाला असता?